टाकलेला दगड

अकोल्यातल्या कापसाच्या त्या जुन्या जिनात पूर्वी सरकी वेगळी आणि रुई वेगळी व्हायची. आता तिथं पेंढा भरलेली जनावरं उभी होती. कारखाना बंद पडून जमाना झाल्यावर मालकाच्या वारसांनी ट्रस्ट काढला, पत्र्यांना निळा रंग फासला आणि फाटकावर निसर्ग संग्रहालयाची पाटी ठोकली. गाठी दाबायच्या प्रेसला टेकून अस्वल उभं केलं, सरकीच्या गोदामात बाटल्यांतले साप मांडले, तुळयांना तारेनं गिधाडं टांगली. एवढी रंगरंगोटी करूनही भिंतींतला सरकीच्या तेलाचा वास काही गेला नव्हता. लोक नाक वर करून हुंगायचे आणि म्हणायचे, अस्वलाचा वास येतो.

शालूला अस्वलाशी काही देणंघेणं नव्हतं. ती अमरावतीहून सकाळच्या एसटीनं आली होती ती अंडं पाहायला. ते मधल्या मोठ्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत, तीन पायांच्या स्टँडवर ठेवलेलं होतं. वरून पिवळा दिवा सोडला होता. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं, ‘डायनोसॉरचे अंडे. शोधकर्ते : प्रा. डॉ. भगवंतराव गावंडे.’ आणि त्याखाली, ‘कवचावरील दाणेदार नक्षी पाहा. तळाशी शिकारी प्राण्याच्या दातांच्या खुणा!’ त्या खुणा दिसाव्यात म्हणून स्टँडच्या खाली आरसा बसवला होता.

शालू वाकली. आरशात तिला फुली दिसली. तिच्या बापाच्या हातची फुली.

तिचे डोळे भरून आले. आणि भरल्या डोळ्यांनी तिला मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या. सोळा वर्षं तिनं ज्या दिवसाची वाट पाहिली होती, तो दिवस असा काचेत घालून, वर दिवा लावून तिच्यासाठी तयार ठेवला होता.

ही भानगड मुळातून सांगायला हवी. शालूचा बाप पुंजाराम पाटे-वरवंटे घडवायचा. वरूडच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याच्या नाल्यात तो दगड फोडायचा आणि बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून माल मांडायचा. पाटा नुसता घडवून भागत नाही. छिन्नीसारखी टाकी घेऊन त्यावर बारीक बारीक टोचे मारावे लागतात, नाहीतर मिरची वाटायला गेलं की वरवंटा नुसता घसरतो. ह्या टोचे मारण्याला ‘टाकणं’ म्हणतात. गल्लीबोळांतून ‘पाटे टाका, पाटे’ अशी हाळी पुंजारामनं आयुष्यभर घातली.

एकदा काळा दगड मिळेना म्हणून त्यानं नाल्यातल्या पांढुरक्या दगडाचा वरवंटा करून पाहिला. दोन्ही टोकं गोल केली, अंगभर टाकला, आणि पाट्यावर फिरवला तर चटणीत माती. तो दगड कुचकामाचा निघाला. पुंजारामनं बुडाशी टाकीनं फुली मारली आणि तो नाल्यात ढकलून दिला. फुली म्हणजे हा माल बाद, कोणी उचलून माझ्या नावानं विकू नये. शालू तेव्हा परकरात होती. वरवंटा गडगडत गेला तेव्हा तिनं टाळ्या वाजवल्या होत्या.

पुढे ही पोरगी शिकली, अमरावतीला भूगर्भशास्त्र घेऊन एम.एस्सी.ला बसली. तिथं गावंडे सर होते. हुशार माणूस, यात वाद नाही, पण स्वतःचं नाव छापून आलेलं पाहायची भारी हौस. ते वर्गाला घेऊन त्याच डोंगराच्या पायथ्याशी सहलीला गेले, कारण त्या पट्ट्यात अंड्यांचे तुकडे सापडतात अशी बोलवा होती. नाल्याच्या दरडीत अर्धा रुतलेला एक लांबट गोल दगड सरांना दिसला आणि ते कडक इस्त्रीच्या पँटसकट चिखलात गुडघ्यांवर बसले. अख्खं अंडं! हातरुमालानं ते त्याला पुसायला लागले.

शालूनं तो दगड एका नजरेत ओळखला. ती पुढं होऊन म्हणाली, “सर, हा टाकलेला हाये.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “मग? टाकलेलंच आहे! मादीनं टाकलंय!”

सगळा वर्ग खो खो हसला. शालूचे कान तापले, पण ती हटली नाही. “तसं नाई सर. टाकीनं टाकलेला. माह्या बाबांनी...”

“तुझे बाबा काय करतात?”

“पाटे टाकतात.”

“मग तूही जा, पाटे टाक. इथं कशाला वेळ घालवतेस?”

आता मात्र पोरं हसून हसून लोळायची बाकी राहिली. सर दगड छातीशी धरून उभे राहिले आणि वर म्हणाले, की यापुढं तोंड उघडलंस तर पीएच.डी.चं नाव काढायचं नाही. शालूनं तोंड मिटलं. पीएच.डी.ची जागा तरीही दुसरीलाच गेली. शालूला मिळालं ते ‘पाटेवाली’ हे नाव. डिग्री हातात पडेपर्यंत ते तिला चिकटून होतं. कँटीनमध्ये चटणी आली की कोणीतरी हमखास म्हणायचं, “पाटेवालीले विचारा, बारीक झाली का?”

इकडे सरांचं नशीब फळफळलं. पेपरांत फोटो, परिषदा, शाली. कवचावरच्या नक्षीवर त्यांनी शोधनिबंध लिहिला. म्हणजे पुंजारामच्या टोच्यांवर लिहिला. फुलीवर वेगळा लिहिला. अंडं कापून आत पाहावं असं कोणी सुचवलं तर ते भडकायचे, हा वारसा आहे, कलिंगड नाही. शालू अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये पोरांना विज्ञान शिकवायला लागली. पुंजाराम वारला. मनात आणलं असतं तर तिला कधीही वाचा फोडता आली असती, एक चिठ्ठी पुरे होती. पण ती वरूडकडची पोरगी, कच्चं संत्रं तोडत नाहीत हे तिला पक्कं ठाऊक होतं. सरांचं नाव होतंय तेवढं होऊ दे, असं म्हणत ती गप्प राहिली, आणि ते गप्प राहणं तिला गोड लागायला लागलं.

तर त्या दिवशी ती आरशात वाकून पाहत असतानाच मागून आवाज आला, “या, या, इकडे या सगळे.” गावंडे सर होते. केस पांढरे झालेले, अंगात जाकीट, छातीवर मानद संचालकाचा बिल्ला. त्यांनी पंधरा-वीस माणसांना अंड्याभोवती उभं करून माहिती सांगितली, आणि छान सांगितली. माणसं अस्वलाकडे पांगल्यावर शालू जवळ गेली.

“ओळखलं का सर?”

“चेहरा पाहिल्यासारखा वाटतोय.”

“पाटेवाली.”

सर कसनुसं हसले. “अरे वा. काय करतेस हल्ली?”

“हे पाह्याले आली. सर, त्या आरशात पाहा बरं. जनावरानं दात मारला असता तर दोन्ही बाजूनं मारला असता. इथं तं बरोबर मधोमध फुली हाये. बाद मालावर माहे बाबा अशीच मारत. आन ते दाणे मोजा. एका ओळीत हायेत. जनावर ओळीनं टोचत नाई सर, मानूस टोचते.”

सर वाकले. फुली तर त्यांनी हजार वेळा पाहिली होती. पण दात म्हणून पाहिलं की दात दिसतात आणि फुली म्हणून पाहिलं की फुली. उठले तेव्हा त्यांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

“टाकलेला,” ते पुटपुटले. तो शब्द त्यांना आता कळला.

“हो सर. तेच तं सांगून राहिली होती मी.”

“कोणाला बोललीस?”

“कोनालेच नाई.”

“काय पाहिजे तुला?”

“काई नाई सर. मी येत जाईन दर रविवारी. तुमी फक्त सांगत जा.”

आणि ती यायला लागली. रविवारी क्लास सकाळी लवकर उरकून ती एसटी पकडायची, मूर्तिजापूरला चहा घ्यायची आणि अकोल्याला रिक्षा करून थेट जिनात. गर्दीत मागं उभी राहायची. सरांची नजर तिच्यावर पडली की त्यांचं बोलणं अडखळायचं. मग शालू शाळकरी पोरीसारखा हात वर करायची.

“सर, हे काय हाये?”

“हे... डायनोसॉरचं अंडं.”

“पक्कं ना सर?”

“हो.”

“सर, ही नक्षी कशी पडली असन?”

सर रुमाल काढायचे, मान पुसायचे आणि सांगायचे. स्वतःच्याच निबंधातलं एक-एक वाक्य त्यांना औषधाच्या काढ्यासारखं गिळावं लागायचं. भोवतालच्या बायका कौतुकानं शालूकडे पाहायच्या, बाईला किती आवड आहे! शालूला हा खेळ इतका आवडला, की आठवडाभर क्लासमध्ये फळ्यावर लिहिताना तिला नवे प्रश्न सुचायचे आणि ती स्वतःशीच हसायची. दात कोणत्या जनावराचे सर? त्याचं तोंड केवढं असन सर? असे दात लागूनबी अंडं फुटलं कसं नाई सर?

सरांनी हातपाय मारून पाहिले. एका रविवारी पेटीवर चादर होती आणि ‘दुरुस्ती सुरू’ असा कागद. पण त्याच दिवशी परतवाड्याहून शाळेच्या दोन बसगाड्या आल्या होत्या आणि मास्तरांनी फाटकावर रण माजवलं, आम्ही काय अस्वल पाहायला आलो का? ट्रस्टच्या सेक्रेटरीनं स्वतःच्या हातानं चादर ओढली. मग सरांनी रविवारी यायचं बंद करून पाहिलं. सेक्रेटरी म्हणाला, लोक तुमच्या तोंडून ऐकायलाच येतात, रविवार तुम्हाला सोडता येणार नाही. अशी सगळी नाकेबंदी झाली. शालूनं त्यात बोटसुद्धा घातलं नव्हतं.

घरी मात्र एक अडचण होती. तिची आई मैनाबाई. दोघी मायलेकी अमरावतीत दोन खोल्यांत राहायच्या. पहिल्याच रविवारी शालूनं आनंदाच्या भरात आईला सगळं सांगून टाकलं होतं, आणि आई भलतंच धरून बसली.

“म्हंजे तुह्या बापाचा वरवंटा तिथं हाये?”

“हाये ना. काचेत.”

“मंग आन की घरी.”

“आई, तो बाद होता.”

“बाद असो का कसाबी असो,” मैनाबाई म्हणाली. “त्यानं जलमभर दगड घडवले, सारे दुसऱ्याच्या सैपाकघरात गेले. आपल्या घरात त्याच्या हातचा एक खडा नाई. आपला पाटाबी मी तुह्या फीसाठी इकला. मले तो दगड पाहिजे. चटनी नाई वाटनार मी त्याच्यावर. नुसता ठेवीन.”

“आनते. थोडी थांब. सराले जरा घोळवू दे.”

दर रविवारी संध्याकाळी शालू दारात आली की आई तिच्या पिशवीकडे पाहायची. “आनला का?” शालू म्हणायची, “पुढच्या बारी.” कधी कधी तिला आईचा रागही यायचा. इकडं सोळा वर्षांचं उट्टं निघतंय आणि हिला दगडाची पडली आहे. एकदा आई म्हणाली, “तू त्याले घोळवून राहिली का तो तुले?”

असे किती रविवार गेले कोण जाणे. सरांचं जाकीट सैल झालं, गळ्याच्या शिरा दिसायला लागल्या. सेक्रेटरी काळजीनं विचारायचा, साहेब, शुगर तपासली का? शालूला सगळं दिसत होतं. तिला दया आली असं म्हणायला मला आवडलं असतं, पण आली नाही. उलट सर दोन शब्द जास्त अडखळले तर तिला परतीच्या एसटीत झोप छान लागायची.

मग तो रविवार आला. मार्च सुरू झाला होता, पत्रे तापले होते. हॉल गच्च भरलेला. लग्नासाठी आलेलं एक अख्खं वऱ्हाड दुपारचा वेळ काढायला तिथं घुसलं होतं. सर आज जाकीट न घालता आले होते, बिल्लाही नव्हता. शालूनं हात वर केला.

“सर, हे काय हाये?”

सर सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हा वरवंटा आहे.”

क्षणभर कोणालाच कळलं नाही. मग वऱ्हाडातला एक जाडगेला गृहस्थ जो हसला, तो सगळा हॉल हसायला लागला.

“बाप्पा! सर लय गमती मानूस हाये!”

“मंग पाटा कुठी ठेवला सर?”

“डायनोसॉरीन मिर्च्या वाटत होती का?”

“मी खरं सांगतोय,” सर ओरडले. “हा मसाला वाटायचा वरवंटा आहे. हे अंडं नाही. मी चुकलो.” ते जसजसे कळवळून सांगत होते, तसतसे लोक जास्तच हसत होते. बायकांनी तोंडाला पदर लावले, चार जणांनी मोबाईल काढून शूटिंग सुरू केलं. मागचे लोक पुढच्यांना विचारत होते, काय म्हणाले, काय म्हणाले?

सरांनी हात जोडले ते थेट शालूला. “ह्यांना विचारा,” ते म्हणाले. “ह्यांच्या वडिलांनी घडवलाय. पुंजारामजी त्यांचं नाव. मोठे कारागीर होते. ही मला तेव्हाच सांगत होती, मी हिला बोलू दिलं नाही. सगळ्यांसमोर हिचा अपमान केला. शालूताई, सांगा ह्यांना. मी आत्ता पेटी उघडतो. तुमचा दगड तुम्ही घेऊन जा.”

हसू ओसरलं. सगळे वळून शालूकडे पाहायला लागले. सरांनी खिशातून किल्ली काढलेली होती.

जे जे हवं होतं ते एका दमात समोर आलं होतं. बापाचं नाव, त्याला ‘जी’, चार लोकांत माफी, आणि दगड. तिनं नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. संध्याकाळी तो वरवंटा पिशवीत घालून घरी न्यायचा होता आणि आईच्या मांडीवर ठेवायचा होता. शालूचे ओठ उघडलेसुद्धा.

तेवढ्यात तिचं लक्ष सरांच्या चेहऱ्याकडे गेलं. कित्येक रविवारांत पहिल्यांदाच तो चेहरा हलका झाला होता. ओझं उतरवून ठेवलेल्या माणसासारखे ते उभे होते. हा सुटतोय, तिच्या मनात आलं. माझ्या एका ‘हो’वर हा माणूस सुटणार, घरी जाणार, दोन घास पोटभर खाऊन झोपणार. चार दिवस पेपरात नाचक्की, मग लोक म्हणणार, केवढा प्रामाणिक माणूस! नाही. एवढ्यात नाही सोडायचं. कधीच नाही सोडायचं.

ती पुढं आली. पेटीच्या काचेवर हात ठेवला.

“माहे बाबा पाटे-वरवंटे करत होते, हे खरं हाये,” ती सगळ्यांना म्हणाली. “त्यांच्या टाकीच्या आवाजात मी लहानाची मोठी झाली. दगड टाकलेला हाये का नाई, हे मले लांबून समजते. सरांचं मन मोठं हाये, गरीब मानसाच्या पोरीले मान देऊन राहिले. पन हा वरवंटा नाई. माह्या बापाचा तं नाईच नाई. हे अंडंच हाये.”

कोणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवल्या. जाडगेला गृहस्थ डोळे पुसत म्हणाला, “पाहा, अशी शिष्या पाहिजे!” आणि त्यानं सरांना मिठी मारून त्यांच्यासोबत सेल्फी काढला. सरांचा चेहरा आता कोणत्याच माणसाचा राहिला नव्हता. किल्ली हातातून पडली, ती सेक्रेटरीनं उचलून स्वतःच्या खिशात घातली.

शालू बाहेर आली. जिंकल्याचा आनंद तिला झाला, अगदी खराखुरा झाला. एसटी स्टँडपर्यंत तो तिच्या पायांत होता. एसटीत खिडकी मिळाली. बडनेरा गेलं तेव्हा तिला स्वतःचंच वाक्य पुन्हा ऐकू आलं, माह्या बापाचा तं नाईच नाई. तिनं खिडकीची काच लावून घेतली. तरी ते ऐकू येतच राहिलं.

घरी पोचली तेव्हा मैनाबाई परात पुढ्यात घेऊन भाकरी थापत होती. शेगडीशेजारचा कोपरा तिनं झाडून पुसून लख्ख केला होता आणि तिथं धुतलेला फडका चौकोनी घडी करून अंथरला होता.

“आनला का?” तिनं विचारलं.

“नाई.”

“पुढच्या बारी आनतं?”

शालू चप्पल काढत उंबऱ्यातच उभी राहिली. “आई, मी नीट पाह्यलं आज,” ती म्हणाली. “तो आपला नव्हता.”

मैनाबाईनं तव्यावरची भाकर उलटवली. मग हात पुसून ती उठली, कोपऱ्यातला फडका उचलला आणि त्यात गरम भाकर गुंडाळून लेकीच्या पुढं ठेवली.